जत्रेतील कुस्तीचे मैदान : दक्षिण महाराष्ट्रातील मल्लविद्येच्या आश्रयाचा प्रश्न

दक्षिण महाराष्ट्रातील कुस्तीचा इतिहास सांगताना अभ्यासक बहुधा कोल्हापूरच्या दरबारापासून प्रारंभ करतात, आणि त्यास सबळ कारणही आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी आपल्या कारकीर्दीत (१८९४-१९२२) तालमींना उदार साहाय्य दिले, मल्लांच्या खुराकाची सोय लावली आणि पंजाबातील नामांकित पहिलवानांना कोल्हापुरात आणून त्यांच्या कुस्त्या लोकांस दाखविल्या. १९०२ च्या युरोप-प्रवासानंतर त्यांच्या मनात आलेले विशाल वर्तुळाकार मैदान खासबागेत १९१२ मध्ये पूर्ण झाले. मध्ये खांब नाही, आडोसा नाही. कोठेही बसलेल्या प्रेक्षकास हौद्यातील माती दिसावी, अशी त्याची रचना आहे. दरबाराचे हे कार्य कागदोपत्री नोंदले गेले, दप्तरात राहिले, आणि म्हणूनच इतिहासात आले. गावच्या जत्रेतील मैदानाचे दप्तर मात्र कोणी ठेवले नाही. त्याचा हिशेब फार तर जत्रा कमिटीच्या वहीत उतरला, आणि ती वही बहुधा पुढील पाडव्यापर्यंतच टिकली.

साधनांच्या या विषमतेमुळे एक समज दृढ झाला आहे, तो असा की कुस्ती राजाश्रयावर जगली. हा समज तपासून पाहण्याची संधी इतिहासानेच दिली आहे. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजाश्रय हाच एकमेव आधार असता तर त्यानंतरच्या दशकात मल्लविद्येस उतरती कळा लागावयास हवी होती. प्रत्यक्षात घडले ते अगदी उलट. १९५२ मध्ये हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कांस्यपदक मिळविले. १९५९ मध्ये एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे हिंदकेसरी झाले आणि १९६० मध्ये पुनवतचे गणपतराव आंदळकर. १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत आंदळकर व कवठेपिरानचे मारुती माने या दोघांनी पदके जिंकली. माने १९६४ मध्ये हिंदकेसरी झाले. ही चारही नावे खेड्यांतील आहेत. यांपैकी अनेकांची घडण कोल्हापूरच्या तालमींत झाली आणि त्या तालमींना बळ दरबाराने दिले होते, हे खरे. परंतु तालमीच्या दारापर्यंत पोचण्यापूर्वी मुलगा मल्ल होऊ शकेल हे कोणी ओळखले, या प्रश्नाचे उत्तर दरबारात सापडत नाही.

ते जत्रेत सापडते. सुगी संपून शेते मोकळी झाली, की चैत्रापासून गावोगावच्या ग्रामदैवतांच्या जत्रा सुरू होतात. घरटी वर्गणी जमा होते. पालखी, बैलगाड्यांची शर्यत यांबरोबर एक दुपार कुस्तीसाठी राखून ठेवलेली असते. ओढ्याकाठच्या मोकळ्या जागेत वा नांगरून भुसभुशीत केलेल्या शेतात लोक कडे करून बसतात, हलगी कडाडू लागते आणि आरंभ होतो तो पोरासोरांच्या कुस्त्यांनी. त्यांचे बक्षीस रेवड्यांचे. त्याहून मोठ्या मुलांस नारळ. पुढे रोख रकमेच्या कुस्त्या आणि अखेरीस, दिवस कलताना, पहिल्या क्रमांकाची जोड. वजनाचा काटा येथे नसतो. पंच दोन मुलांना समोरासमोर उभे करतात, खांदे-मनगटे नजरेने मापतात आणि जोड ठरवितात. जोड विषम वाटली तर भोवतालचे कडेच ओरडून ती मोडते. निकालही गुणांवर ठरत नसे. पाठ मातीस लागली, चितपट झाली, तरच कुस्ती निकाली. नाही तर ती सोडविली जाई आणि गावकरी वर्षभर त्यावर वाद घालीत.

या व्यवस्थेत शिक्षण, निवड आणि वेतन ही तिन्ही कामे एकाच दुपारी होत असत. रेवडीपासून नारळापर्यंत आणि नारळापासून रुपयापर्यंतची चढण मुलगा आपल्याच पंचक्रोशीच्या डोळ्यांदेखत चढे. जत्रांच्या हंगामात गावोगाव फिरणाऱ्या पहिलवानाच्या खुराकाचा बराच भार बक्षिसांतून निघे. तथापि हे चित्र सर्वस्वी सोज्वळ मानणे योग्य नव्हे. घरात दुभते जनावर आणि शेतात एक हात कमी पडला तरी चालेल अशी स्थिती असल्याशिवाय मुलास तालमीत पाठविणे परवडत नसे. स्त्रिया तर या कड्याबाहेरच राहिल्या. महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा प्रथम भरली ती २०२३ मध्ये, सांगली येथे.

खाशाबांचेच उदाहरण या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगे आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला. गादीवरील कुस्तीचा सराव नसताही ते सहावे आले. १९५२ मध्ये संस्थान उरले नव्हते. हेलसिंकीच्या प्रवासासाठी गावकऱ्यांनी पैसे जमविले आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. परतल्यावर कराडपासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सर्वश्रुत आहे. त्यापुढील गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. खाशाबांनी कुस्तीची मैदाने भरविली, त्यांत स्वतः कुस्त्या मारल्या आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे घर सोडविण्यास हातभार लावला. ऑलिंपिकपदकाचे कर्ज मातीच्या हौद्याने फेडले, असे म्हणण्यास हरकत नाही.

१९५३ मध्ये स्थापन झालेली राज्य कुस्तीगीर परिषद आणि १९६१ पासून दिला जाणारा महाराष्ट्र केसरी हा किताब यांमुळे कुस्तीस नवे नियामक लाभले. पुढे सहकारी साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन देऊन दरबाराची जागा काही अंशी भरून काढली. वजनगट, वेळेची मर्यादा, गुणमोजणी आणि गादी यांशिवाय आंतरराष्ट्रीय यश शक्य नव्हते, हे मान्य करावे लागते. परंतु गादी विकत आणावी लागते, तिला छप्पर लागते, आणि ती गावाच्या वर्गणीच्या आवाक्यात क्वचितच असते. ताक, तेल, हळद व लिंबू घालून मळलेली तांबडी माती गाव स्वतः तयार करू शकते. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत आज माती आणि गादी असे दोन विभाग ठेवलेले आहेत. दोहोंचे विजेते अखेरच्या लढतीत एकमेकांसमोर उभे राहतात, आणि अलीकडे ती लढत गादीवर होते.