सोनखत आणि ते वाहणारा माणूस

मैल्यापासून तयार होणाऱ्या खताला मराठीत ‘सोनखत’ म्हणतात. खताला सोन्याचे नाव लाभले. ते डोक्यावरून वाहणाऱ्या माणसाच्या वाट्याला मात्र विटाळ आला. आपण आज ज्या नेदरलँड्समध्ये राहतो, तेथील शेतीचा इतिहास वाचताना ही विसंगती अधिकच बोचते.

ड्रेंथे प्रांताची मूळ जमीन रेताड व निकस. तेथील शेतकरी माळरानावरची झुडपी हिरवळ मातीसकट सोलून काढीत, मेंढ्यांच्या गोठ्यात अंथरीत आणि लेंडी-मुताने मुरलेले ते मिश्रण शेतात पसरीत. शतकानुशतकांच्या या मेहनतीतून काही ठिकाणी अर्धा ते एक मीटर जाडीचा काळा, ओलावा धरणारा थर तयार झाला. अशा शेतांना तेथे ‘एस’ म्हणतात. मात्र त्यासाठी सोललेले माळ उघडे पडले आणि वाळू उडू लागली. एका शेताची सुपीकता दुसऱ्या जमिनीकडून घेतलेली होती.

ग्रोनिंगन शहराने वेगळा मार्ग काढला. सतराव्या शतकापासून आग्नेयेकडील दलदलीतून जळणासाठी पीट खणले जाई. कालव्यांतून पीट घेऊन शहरात आलेल्या नावा परतताना रस्त्यांवरील केरकचरा, शेण आणि मैला घेऊन जात. खणून उरलेल्या जमिनीत हे खत मिसळून फेंडम, स्टाड्सकानाल या वसाहतींभोवती शेते उभी राहिली. मैला हे शहराच्या उत्पन्नाचे साधन ठरले.

तो गोळा करणारे मजूर गरीब होते आणि त्यांची टिंगलही होई. आम्सटरडॅममध्ये मैल्याच्या गाडीला बोल्डूट या अत्तर बनवणाऱ्या कंपनीचे नाव उपहासाने चिकटले होते. परंतु तो कलंक कामाचा होता, जन्माचा नव्हता. धर्मग्रंथाने ते काम कोणत्याही कुळाच्या माथी मारले नव्हते.

भारतातही खताचे शास्त्र मागे नव्हते. इंदूरच्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत बसवली. 1931 साली प्रसिद्ध झालेल्या त्यासंबंधीच्या ग्रंथाचे सहलेखक होते यशवंत वाड. जॅक्सन आणि वाड यांनी 1934 मध्ये हीच पद्धत शहरातील मैल्याला लागू करून दाखवली. जगभरच्या सेंद्रिय शेतीने इंदूरचे ऋण मानले. पण खताची रीत शोधली गेली, तरी मैला कोणी उचलायचा हे जातीनेच ठरवून ठेवले होते.

बाबासाहेबांनी याच मर्मावर बोट ठेवले. 1945 सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी गांधीजींनी केलेल्या भंगीकामाच्या गौरवावर कठोर टीका केली. आपल्या समाजात माणूस भंगी ठरतो तो कामामुळे नव्हे, जन्मामुळे. मग ते काम तो करो वा न करो, असे त्यांनी दाखवून दिले. अशा कामाला उदात्त ठरवणे म्हणजे गुलामीला फुले वाहणे होय. हाताने मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध स्वतंत्र भारतात 1993 मध्ये आणि पुन्हा 2013 मध्ये कायदा करावा लागला, यावरून तिची मुळे किती खोल होती हे कळते.

आज नेदरलँड्सपुढचा प्रश्न उलटा आहे: खत अतोनात झाले आहे. युरोपीय नियमानुसार जनावरांच्या खतातून हेक्टरी वर्षाला 170 किलोच नत्र देण्याची मर्यादा आहे, कारण जास्तीचे नत्र पाण्यात उतरते. सेंद्रिय म्हणून काहीही निर्दोष ठरत नाही. मात्रा पाहावी लागते.

1994 पासून येथील नगरपालिकांना भाजी, फळे व बागेचा कचरा वेगळा गोळा करणे बंधनकारक झाले. त्या हिरव्या डब्यात साल टाकताना आपली मुले निसर्गचक्र शिकतात. त्यांना सोनखताचा इतिहासही सांगावा. मातीला तिचे देणे परत करणे हे शहाणपण आहेच. पण टोपली कोणाच्या डोक्यावर दिली, हे विचारल्याशिवाय कोणत्याही परंपरेला शाश्वत शेती म्हणू नये.