ब्रेकची मजुरी: भाव कोण ठरवणार?

जुनी पद्मिनी गॅरेजमध्ये येते. मालक ब्रेकच्या पार्टचे पैसे निमूट देतो. घासाघीस होते ती फक्त मिस्त्रीच्या मजुरीवर. या सवयीला इतिहास आहे.

महार वतनात कामाला मोजमापच नव्हते. रात्री-अपरात्री हाक आली की निघायचे; मोबदला म्हणजे तुटपुंजी वतनी जमीन आणि गावाच्या मर्जीवरचे बलुते. 1928 मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायदा दुरुस्तीचे विधेयक आणले. बलुत्याऐवजी रोख मोबदला मिळावा आणि वतनदाराची कामे नियमाने ठरावीत, ही त्यातली मागणी होती. पुढे मजूरमंत्री असताना 1946 मध्ये त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. 1948 मध्ये त्याचा कायदा झाला. सूत्र एकच: श्रम मोजा, मग दाम ठरवा.

हा कायदा स्वतंत्र मिस्त्रीच्या बिलापर्यंत पोचत नव्हता. पण तत्त्व पोचते. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. गंजलेला ड्रम उतरवा, गळका व्हील सिलिंडर बदला, शू बसवा, हवा काढा. जुन्या शूंच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती छातीत जाते. नव्या गाडीचा ठरलेला दर इथे कसा चालेल?

म्हणून गॅरेजमधल्या मित्रांनो, तासाचा दर आधी सांगा. ड्रम उघडून पाहिल्यावरच अंदाज लेखी द्या. बिलात पार्ट वेगळे, तास वेगळे लिहा. आपल्या श्रमाचा हिशेब आपणच मांडला पाहिजे.

जय भीम!