सामर्थ्य प्रशिक्षण आणि लवचिकता

सामर्थ्य प्रशिक्षण आणि लवचिकता यांचा परस्परसंबंध हा व्यायामशास्त्रातील अभ्यासाचा विषय आहे. वजने उचलल्याने शरीर ताठर होते, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. विसाव्या शतकाच्या मध्यापासून तो मागे पडत गेला. बाह्य भार घेऊन, सांध्याच्या पूर्ण पल्ल्यात नियमितपणे केलेल्या सामर्थ्य प्रशिक्षणाने लवचिकता घटत नाही, उलट वाढते, असे आजवरच्या संशोधनातून दिसते. ही वाढ सरासरीने ताणाच्या व्यायामांमुळे होणाऱ्या वाढीच्या तोडीची असते.

संकल्पना

सामर्थ्य प्रशिक्षणात वजने, यंत्रे, रबरी पट्टे किंवा स्वतःच्या शरीराचा भार यांच्या विरोधात स्नायूंना काम करावे लागते. लवचिकता म्हणजे एखाद्या सांध्याची जास्तीत जास्त पल्ल्यापर्यंत हालचाल होण्याची क्षमता. ती गोनिओमीटर या कोनमापकाने अंशांमध्ये मोजतात. पाय पसरून बसून पुढे वाकण्याची ‘सिट अँड रीच’ ही चाचणीही प्रचलित आहे.

लवचिकतेचे दोन प्रकार मानले जातात. दुसऱ्याच्या हाताने किंवा गुरुत्वाकर्षणाच्या साहाय्याने अवयव जेथवर नेता येतो ती परोक्ष लवचिकता, आणि स्वतःच्या स्नायुबळावर जेथवर नेता येतो ती सक्रिय लवचिकता. पाठीवर झोपून हाताने ओढून वर घेतलेला पाय हे पहिल्या प्रकाराचे, तर उभे राहून आधाराविना उचललेला पाय हे दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण होय.

इतिहास

भरीव स्नायूंचा मनुष्य जखडल्यासारखा होतो, हे सांगण्यासाठी इंग्रजीत ‘मसल-बाउंड’ हा शब्द रूढ झाला. अमेरिकेतील अनेक क्रीडा प्रशिक्षक या समजापोटी खेळाडूंना वजनांपासून दूर ठेवत. १९४० मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड महाविद्यालयात भारोत्तोलकांचे एक प्रात्यक्षिक झाले. तेथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ पीटर कार्पोविच यांनी शंका उपस्थित केल्यावर, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये भाग घेतलेले जॉन ग्रिमेक यांनी आपले भरदार शरीर किती लवचीक आहे हे करून दाखवले. पुढे कार्पोविच यांनीच या विषयाशी निगडित संशोधन हाती घेतले. विल्यम झोर्बास यांच्यासह १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वजने उचलणाऱ्यांच्या हातांची हालचाल इतरांपेक्षा मंद नसून अधिक जलद असल्याचे आढळले. हा अभ्यास लवचिकतेचा नव्हे, तर गतीचा होता; तरीही जुन्या समजाला त्यामुळे मोठा धक्का बसला.

महाराष्ट्रातील आखाड्यांच्या परंपरेत बळ आणि लवचिकता एकत्र साधणारे व्यायाम आढळतात. बैठका मारताना गुडघे आणि नितंबाचे सांधे खोलवर वाकतात, तर जोर काढताना खांदे व पाठीचा कणा मोठ्या पल्ल्यातून फिरतात. कुस्तीला पूरक म्हणून रुजलेल्या मल्लखांबात शरीर पेलण्याचे बळ आणि ते वळवण्याची क्षमता या दोन्हींची गरज असते.

कारणमीमांसा

लवचिकता वाढण्यामागे पुढील प्रक्रिया असाव्यात, असे मानले जाते :

१. स्नायूच्या रचनेतील बदल : स्नायुतंतू हे सार्कोमिअर नावाच्या सूक्ष्म घटकांच्या साखळीने बनलेले असतात. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांजरांच्या पोटरीतील सोलियस हा स्नायू प्लास्टर घालून काही आठवडे आखडलेल्या स्थितीत ठेवला असता साखळीतील सार्कोमिअर सुमारे ४० टक्क्यांनी घटले, तर ताणलेल्या स्थितीत ठेवला असता ते सुमारे २० टक्क्यांनी वाढले. स्नायू ज्या लांबीत राहतो त्या लांबीशी तो जुळवून घेतो, हे यावरून स्पष्ट झाले. भार हळूहळू खाली आणताना स्नायू लांबत असतानाच बल लावतो. अशा एक्सेंट्रिक व्यायामाने माणसातही स्नायुतंतूंची लांबी वाढल्याचे आढळले आहे.

२. ताण सहन करण्याची क्षमता : पल्ल्याच्या टोकाशी जाणवणारा ताण मज्जासंस्थेच्या सवयीचा झाला की स्नायूची लांबी न बदलताही व्यक्ती पुढे जाऊ शकते.

३. टोकाच्या स्थितीतील बळ : विरुद्ध बाजूचे स्नायू सबळ झाल्याने सक्रिय लवचिकता वाढते.

संशोधन

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ११ अभ्यास आणि ४५२ व्यक्तींचा समावेश असलेल्या एका विश्लेषणात सामर्थ्य प्रशिक्षण व ताणाचे व्यायाम यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. २०२३ मधील ५५ अभ्यासांच्या विश्लेषणात सामर्थ्य प्रशिक्षणाने सांध्यांचा पल्ला मध्यम प्रमाणात वाढल्याचे दिसले. हा लाभ बैठी जीवनशैली असलेल्या आणि पूर्वी प्रशिक्षण न घेतलेल्या व्यक्तींमध्ये अधिक होता. केवळ शरीराच्या भारावर केलेल्या व्यायामांचा परिणाम मात्र लक्षणीय नव्हता.

मर्यादा

पल्ला : अर्धवट हालचालीत केलेल्या व्यायामातून हा लाभ मिळेलच असे नाही. रोमेनियन डेडलिफ्टमध्ये मांडीचे मागचे स्नायू भाराखाली पूर्ण ताणले जातात, तसा ताण हालचाल मध्येच थांबवल्यास मिळत नाही.

स्नायूंचा आकार : अतिशय मोठे स्नायू एकमेकांना भिडून हालचाल अडवू शकतात. दंड फार भरीव झाल्यास कोपर पूर्ण दुमडत नाही, हे याचे उदाहरण.

तात्पुरता ताठरपणा : सवय नसलेल्या जड व्यायामानंतर एक-दोन दिवस अंग दुखते व सांध्यांचा पल्ला कमी होतो. ही अवस्था काही दिवसांत ओसरते. जुन्या समजाला तिचाही हातभार लागला असावा.

खेळाची गरज : जिम्नॅस्टिक्स आणि शास्त्रीय नृत्य यांत लागणाऱ्या असामान्य पल्ल्यासाठी ताणाचे स्वतंत्र व्यायाम आवश्यक ठरतात. मात्र बळाच्या कामगिरीच्या अगदी आधी एकच स्नायू ६० सेकंदांहून अधिक काळ स्थिर ताणून धरल्यास त्याचे बळ तात्पुरते घटू शकते.

महत्त्व

वयानुसार स्नायूंचे बळ आणि सांध्यांचा पल्ला दोन्ही घटतात. जमिनीवरून उठणे, वरच्या फळीवरील वस्तू काढणे यांसारख्या कामांत दोहोंची एकत्र गरज असते. ताठरपणाच्या भीतीने वजनांचे व्यायाम टाळणारी व्यक्ती बळाबरोबरच लवचिकता टिकवण्याचे एक साधनही गमावते. वेळ अपुरा असणाऱ्यांना पूर्ण पल्ल्यातील सामर्थ्य प्रशिक्षणातून दोन्ही उद्दिष्टे बऱ्याच अंशी साधता येतात.

हे सुद्धा पहा

मल्लखांब
भारोत्तोलन
योगासन
स्नायू