चार मिनिटांची भाषा

महिनाभर परदेशात रुग्णसेवेला जाणाऱ्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांसाठी एक ऑनलाइन कोर्स बनत होता. कोड लिहायचं काम माझ्याकडे. लसी, व्हिसा, तिथले आजार, 'इथे जे करायची परवानगी नाही ते तिथेही करू नका' हा नियम, आणि भाषेवर चार मिनिटांचा व्हिडिओ. ८० टक्के मार्क पडले की सर्टिफिकेट डाउनलोड.

अमरावतीला घरूनच काम चालू होतं. रात्री मी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबद्दल वाचायचो. तोवर माझी ओळख व्ही. शांतारामांच्या १९४६ च्या सिनेमाच्या नावापुरती.

१९३८ साली चीन जपानशी लढत होता. चिनी सेनानी झू दे यांनी नेहरूंकडे डॉक्टर मागितले. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष. सप्टेंबरात मुंबईहून पाच जण निघाले: अलाहाबादचे अटल, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, सोलापूरचे कोटणीस, नागपूरचे चोळकर. मी विदर्भातला, आणि चोळकरांचं नाव तोवर ऐकलेलंही नव्हतं!

कोटणीस २७ वर्षांचे होते. माझ्याहून लहानच. चोळकर १९३९ मध्ये परतले, अटल पुढच्या वर्षी. (परतले म्हणून त्यांचं काम कमी, असं मी मानत नाही.) कोटणीस मात्र येनानहून पुढे आघाडीवर गेले. चिनी शिकले, आणि इतकी शिकले की विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया त्याच भाषेतून शिकवू लागले, त्याच भाषेत पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं. कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून तिथेच वारले होते. त्यांच्या नावाच्या हॉस्पिटलचे कोटणीस प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्याने गेले. वय ३२.

हे वाचताना मला मेळघाटातलं एक शिबिर आठवलं. धारणीकडे, मी रजिस्टर लिहायला बसलो होतो. शहरातून आलेला तरुण डॉक्टर हिंदीत विचारायचा, 'दर्द कहाँ है?' समोरच्या कोरकू बाईने मान हलवली. त्याने पोटावर हात ठेवून विचारलं, तिने पुन्हा मान हलवली. गोळ्या दिल्या, पुढचा नंबर. ती दाराशी घुटमळत राहिली म्हणून आशाताईंनी तिला कोरकूत विचारलं. तिला काहीच होत नव्हतं. पोरगं तापाने घरी पडलं होतं, ती त्याच्यासाठी आली होती. डॉक्टर वाईट नव्हता, दमलेला होता. अमरावतीहून तिथे जायला पासपोर्टही लागत नाही.

हा प्रसंग मी कोर्समध्ये पहिलाच प्रश्न म्हणून टाकला. बरोबर उत्तर एकच: थांबा, आशाताईंना बोलवा. भाषेच्या व्हिडिओवरचं 'स्किप' बटणही काढलं.

दोन दिवसांनी मेसेज आला, विद्यार्थी कंटाळतात, बटण परत लावा. प्रश्न राहू दे म्हणाले.

बटण लावलं.