मरणाचे कारण : बुऱ्हाणपूर परिसराच्या इतिहासातून एक विचार

धर्मग्रामाच्या मृतांच्या नोंदवहीत नाव, वय, गाव आणि दफनाची तारीख यांच्या जोडीला 'मरणाचे कारण' असा एक रकाना पुष्कळ ठिकाणी असतो. दफनाच्या दिवशी धर्मगुरूचे चित्त शोकाकुल कुटुंबाकडे असते आणि हा रकाना बहुधा सर्वांत शेवटी व सर्वांत घाईने भरला जातो. 'ताप', 'अशक्तपणा', 'वार्धक्य', 'हृदय बंद पडले' असा एखादा शब्द तेथे पडतो आणि वही मिटते. पुढे प्रवचनात आपण सांत्वनासाठी म्हणतो की, परमेश्वराची इच्छा झाली. श्रद्धेच्या अर्थाने ते खरेच आहे. परंतु रकान्यातील तो एक शब्द आणि प्रवचनातील हे एक वाक्य यांच्या आड पुष्कळ इतिहास दडलेला असतो. तापीकाठच्या बुऱ्हाणपूर परिसरात गेल्या चार शतकांत माणसे कशाने मेली, ती कारणे कशी बदलली आणि कोणती अद्याप बदललेली नाहीत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. एका नगरातील दोन मरणे

इ. स. १६३० मध्ये पाऊस आला नाही आणि गुजरात, खानदेश व दख्खन हे प्रदेश भीषण दुष्काळात सापडले. त्याच वेळी शाहजहान बादशहा दक्षिणेच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरात तळ देऊन राहिला होता. ईस्ट इंडिया कंपनीचा पीटर मंडी नावाचा नोकर त्या वर्षाच्या अखेरीस सुरतेहून आग्र्याकडे निघाला. सुरतेपासून बुऱ्हाणपूरपर्यंतची सारी वाट प्रेतांनी भरलेली असून त्या दुर्गंधीतून कोठेच सुटका नव्हती, असे त्याने लिहून ठेवले आहे. माळव्यात धान्य होते. बंजाऱ्यांच्या तांड्यांवर लादून ते दक्षिणेकडे येतही होते. परंतु त्यावर पहिला हक्क बादशाही फौजेचा होता. बादशहाने बुऱ्हाणपूर, अहमदाबाद व सुरत येथे लंगरखाने उघडविले. बुऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये याप्रमाणे वीस सोमवारांत एक लाख रुपये गरिबांना वाटले गेल्याची नोंद दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने केली आहे. हे दान खरे होते. पण दुष्काळाच्या मानाने ते फारच तोकडे होते.

याच नगरात दि. १७ जून १६३१ रोजी बादशहाची पत्नी मुमताज महल मरण पावली. ते तिचे चौदावे बाळंतपण होते. जन्मलेली मुलगी वाचली, आई वाचली नाही. तिच्या चौदा अपत्यांपैकी सातच जगली. तापीपलीकडे जैनाबाद येथील आहुखाना बागेत तिला प्रथम पुरण्यात आले आणि सहा महिन्यांनी तिचा देह आग्र्यास नेण्यात आला. बादशहाच्या पदरी हकिमांची वाण नव्हती, धनाची तर नव्हतीच. तरीही बाळंतपणाच्या मरणापुढे राणी आणि मोलकरीण सारख्याच असहाय होत्या. भुकेच्या मरणाची गोष्ट मात्र वेगळी होती. ते मरण राजवाड्याचा उंबरा ओलांडून आत गेले नाही. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण लेखाच्या शेवटी तो पुन्हा आपल्यासमोर येणार आहे.

२. कोतवाराच्या नोंदीतील आठ नावे

इंग्रजी अमदानीत बुऱ्हाणपूर हे मध्य प्रांताच्या निमाड जिल्ह्यात मोडत असे. गावातील जन्ममृत्यू पोलिस ठाण्यात कळविण्याचे काम कोतवाराकडे होते. सरकारी तक्त्यात मृत्यूसाठी ठराविक शीर्षके असत : पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण व आमांश, श्वसनविकार, इजा आणि 'इतर'. निरक्षर कोतवार सांगणार आणि ठाण्याचा कारकून लिहिणार, अशी पद्धत असल्यामुळे निम्म्याहून अधिक मरणे 'ताप' या एकाच शीर्षकाखाली जाऊन पडत. हिवताप, विषमज्वर, गोवर, क्षयाचा ज्वर ही सर्व त्या एका शब्दात सामावून जात.

या यादीत एक शीर्षक नव्हते : उपासमार. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मध्य प्रांत उद्ध्वस्त झाला. १८९७ साली प्रांताचे मृत्युमान हजारी सुमारे ६९, म्हणजे सामान्य वर्षाच्या जवळजवळ दुप्पट होते. त्या मृतांपैकी बहुतेकांची नावे ताप, पटकी व हगवण यांच्या रकान्यांत आहेत. भुकेने खंगलेल्या देहाला शेवटचा धक्का घाणेरड्या पाण्याने वा तापाने दिला, म्हणून कारण तेच लिहिले गेले. लालबागच्या स्टेशनावरून त्या काळी आगगाड्या धान्य घेऊन जात होत्या. १८७० पासून मुंबई-कलकत्ता हा लोहमार्ग येथूनच गेला होता. धान्य होते, मजुराच्या हाती ते विकत घेण्यास पैसा नव्हता. तीन शतकांपूर्वी धान्य फौजेकडे गेले, या वेळी ते चढा भाव देणाऱ्या बाजाराकडे गेले.

महाराष्ट्रातील ख्रिस्तसभेच्या स्मरणात या दुष्काळाचे एक नाव कायमचे कोरलेले आहे. पंडिता रमाबाई १८९७ मध्ये मध्य प्रांतात गेल्या आणि दुष्काळात सापडलेल्या सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आश्रयाला आणल्या. पुण्यात त्या वेळी प्लेगचा कहर होता. या मुलींना शहरात ठेवण्यास मनाई झाली, म्हणून केडगावच्या शेतावर मुक्तिसदनाची वस्ती उभी राहिली. रमाबाईंना भूक म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागले नव्हते. १८७४ च्या सुमारास त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि पुढे थोरली बहीण अशी माणसे उपासमारीत गेली. १८८२ मध्ये पती बिपिन बिहारी मेधावी यांना पटकीने नेले. ज्या कारणांनी आपले घर रिकामे केले, त्यांच्याशीच ही स्त्री आयुष्यभर झुंजत राहिली. सांत्वनाचा याहून मोठा अर्थ असू शकत नाही.

१९१८ साली 'मानमोडी'चा ताप, म्हणजेच इन्फ्लुएंझा, मुंबई बंदरातून लोहमार्गाने देशभर पसरला. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली आणि मध्य प्रांत व वऱ्हाड यांची गणना सर्वाधिक हानी झालेल्या भागांत झाली. त्यात ऐन उमेदीच्या स्त्रीपुरुषांचा भरणा मोठा होता. १९११ ते १९२१ हे शिरगणतीच्या इतिहासातील असे एकमेव दशक आहे की, ज्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. त्या काळी जन्मलेल्या बालकाचे सरासरी आयुर्मान जेमतेम वीस वर्षांचे होते.

३. कारणे गेली ती कशी?

संतांच्या जुन्या स्तवनावलीत रोगराई, दुष्काळ आणि युद्ध यांच्यापासून सोडवणूक एका दमात मागितलेली आहे. आपल्या पूर्वजांच्या अनुभवाचे ते सार होते. या त्रयीपैकी पहिल्या दोहोंची पकड विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ढिली झाली. देवीचा भारतातील शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला. १९५३ मध्ये सुरू झालेल्या हिवताप मोहिमेपूर्वी त्या रोगाने देशात दरवर्षी सुमारे आठ लक्ष मृत्यू होत, असा सरकारी अंदाज होता. ती संख्या फवारणीने झपाट्याने खाली आली; मात्र कामात ढिलाई येताच १९७६ मध्ये रुग्णांची संख्या पुन्हा ६४ लाखांवर गेली. पटकी व हगवणीवर १९७१ मध्ये बांगलादेशाच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याचा उपाय मोठ्या प्रमाणावर सिद्ध करून दाखविला. निमाडच्या पायविहिरींत ज्याचे ठाण होते तो नारू रोग १९९६ नंतर देशात आढळला नाही. त्यासाठी औषध वा लस लागली नाही, पाणी गाळून पिण्याची सवय आणि हातपंप पुरेसे झाले.

बुऱ्हाणपूरकरांना ही गोष्ट नवी वाटू नये. १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानान याच्या कारकिर्दीत सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपते पाणी जमिनीखालील बोगद्यातून केवळ उताराच्या बळावर नगरात आणण्यात आले. शंभरावर कुंड्यांनी जोडलेला तो कुंडी भंडारा आजही पाहावयास मिळतो. रोगजंतूंचे ज्ञान नसतानाही वरच्या घाणीपासून पाणी दूर ठेवावे, इतके शहाणपण त्या रचनेत होते. मरणाची कारणे आपोआप बदलत नाहीत. पाणी, धान्य, लस आणि शिकलेली सुईण ही ज्या दारापर्यंत पोचतात, त्या दारातून जुने कारण निघून जाते. ज्या दारापर्यंत ती पोचत नाहीत, तेथे ते मुक्कामास राहते.

ही गोष्ट एकट्या निमाडची नव्हे. डॉ. लिव्हिंग्स्टन दि. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियात आमांश व हिवताप यांनी मरण पावले, तेव्हा त्यांच्या दफनप्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट हा नाशिकजवळच्या शरणपूर येथे शिकलेला आफ्रिकी तरुण होता. निमाडच्या कोतवाराने हे दोन्ही शब्द आपल्या यादीतले म्हणून सहज ओळखले असते. पुढे आफ्रिकेतही आयुर्मान वाढले. परंतु १९९० नंतर एड्समुळे बोट्स्वानासारख्या देशात ते दहा वर्षांहून अधिक घसरले आणि औषधे मोफत मिळू लागल्यावर पुन्हा सावरले. मृत्यूच्या कारणांची वाट एकाच दिशेने जात नाही, हा धडा २०२०-२१ च्या कोविडने आपल्यालाही दिला.

४. आजचा रकाना

आज देशातील बहुतेक मरणे हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, दमा व कर्करोग यांसारख्या न पसरणाऱ्या रोगांनी होतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहभागाने २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार अशा रोगांचा एकूण मृत्यूंतील वाटा १९९० मध्ये सुमारे ३८ टक्के होता. २०१६ मध्ये तो सुमारे ६२ टक्के झाला. हे मरण सावकाश येते. गावावर नव्हे, एकेका घरावर येते. औषधाच्या चिठ्ठीबरोबर कर्ज आणते आणि रोग्याला वर्षानुवर्षे एकटे पाडते. १९७२ मध्ये ख्रिस्तसभेने अंत्यघटकेच्या संस्काराला आजाऱ्यांच्या अभिषेकाचे रूप दिले, ते या दृष्टीने फार उपयोगी ठरावे. पटकीच्या काळात धर्मगुरूने धावत जाणे हीच सेवा होती. आज वारंवार जाणे, औषध चालू आहे की पैशांअभावी बंद पडले हे विचारणे, ही सेवा आहे.

परंतु नवे कारण आले म्हणून जुने गेले, असे आपल्या परिसरात म्हणता येत नाही. पॉवरलूमच्या कापूसधुळीत आणि दाटीवाटीच्या वस्तीत खोकणाऱ्या माणसाला क्षयाचे भय आजही आहे. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चतुर्थांश भारतात आहेत. आणि ज्या कारणाने १६३१ मध्ये मुमताज गेली, ते कारण तर येथून गेलेलेच नाही. नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे २०१८-२० या काळात दर लक्ष जिवंत जन्मांमागे मध्य प्रदेशात १७३ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. २०२० मध्ये हजार अर्भकांपैकी वर्षाच्या आत मध्य प्रदेशात ४३ गेली, महाराष्ट्रात १६. हे आकडे राज्यांचे आहेत, एकेका गावाचे नव्हेत. तथापि बुऱ्हाणपूर आणि रावेर यांच्यामध्ये तापी तीच, केळीच्या बागा त्याच, बोली व सोयरिकी त्याच असताना केवळ राज्याची सीमा ओलांडताच मातेच्या जिवाची हमी इतकी बदलावी, हे परमेश्वराच्या इच्छेवर कसे ढकलता येईल? त्या काळी बाळंतपणाच्या मरणापुढे राणी व मोलकरीण सारख्या होत्या, कारण उपाय कोणालाच ठाऊक नव्हता. आज उपाय ठाऊक आहे. म्हणून आज बाळंतपणाचे मरण त्या काळच्या भुकेच्या मरणासारखे झाले आहे : ते गरिबाच्याच उंबऱ्यात शिरते.

जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते की, पाप कोणाचे? प्रभूने दोषाचा तो हिशेब नाकारला आणि हातांनी चिखल कालवून त्याला दृष्टी दिली. आपणांस जमेल ते याच्या जवळपासचे एक लहान काम आहे. देशात नोंदविल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी वैद्यकीय दाखल्याने कारण प्रमाणित झालेले मृत्यू २०२० मध्ये सुमारे २२.५ टक्केच होते. उरलेल्यांचे खरे कारण घरच्या माणसांनाच ठाऊक असते, आणि घरची माणसे ते धर्मगुरूला व धर्मशिक्षकाला सांगतात. तेव्हा पुढच्या दफनानंतर वही उघडाल, तेव्हा जरा थांबावे. 'ताप' लिहिण्यापूर्वी विचारावे की, किती दिवस होता, दवाखाना किती दूर होता, गाडी मिळाली होती का, पैसे कशामुळे कमी पडले. जे कळेल ते लिहून ठेवावे, आणि एकच कारण दोनदा आढळले तर तिसऱ्यांदा आढळण्याची वाट न पाहता गावच्या आशाताईंकडे, सरपंचाकडे, आरोग्य केंद्राकडे जावे. कोतवाराच्या यादीत उपासमारीला जागा नव्हती. आपल्या वहीत खऱ्या कारणाला जागा असावी.