‘रोथ’ म्हणजे काय? ‘रागावलेला’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि वापर

इंग्रजीत ‘रोथ’ असा एक शब्द आहे. स्पेलिंग डब्ल्यू, आर, ओ, टी, एच. अर्थ: अतिशय रागावलेला, क्रुद्ध, कोपलेला. हे विशेषण आहे आणि आजच्या रोजच्या इंग्रजीत ते जवळजवळ वापरले जात नाही. जुन्या बायबलमध्ये, राजेरजवाड्यांच्या कथांमध्ये आणि अधूनमधून एखाद्या मीममध्ये मात्र ते भेटते. अर्थ ‘रागावलेला’ असला तरी प्रत्येक रागाला हा शब्द चालत नाही. तो कुठे शोभतो हे मराठी माणसाला लवकर कळते, कारण आपल्याकडेही असाच एक शब्द आहे.

उच्चार आणि स्पेलिंग

सुरुवातीचा डब्ल्यू उच्चारायचा नाही. ‘राईट’ म्हणजे लिहिणे, ‘राँग’ म्हणजे चूक, या शब्दांत तो जसा गप्प असतो तसाच इथेही. ब्रिटिश उच्चार ‘रोथ’, म्हणजे ‘बोथ’शी जुळणारा. अमेरिकेत तो ‘रॉथ’च्या जवळ जातो.

याच शब्दाचे नाम आहे ‘रॅथ’. त्यात ओच्या जागी ए येतो. रॅथ म्हणजे क्रोध किंवा कोप. हे नाम आजही चांगलेच वापरात आहे. जॉन स्टाइनबेक यांची १९३९ ची प्रसिद्ध कादंबरी ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ अनेकांना नावाने माहीत असते. टाईप करताना आणखी एक घोटाळा होतो. ओ आणि आरची अदलाबदल झाली की ‘वर्थ’ होते आणि त्याचा अर्थ ‘किंमत’. रागाचा तिथे काही संबंध नाही.

शब्द आला कुठून?

हा शब्द जुन्या इंग्रजीतला, म्हणजे हजार वर्षांहून अधिक जुना आहे. त्याच्या मुळाशी ‘पिळणे, वळणे’ हा अर्थ आहे. वेदनेने तळमळणे या अर्थाचा ‘राइद’ हा इंग्रजी शब्द त्याच कुळातला. राग म्हणजे माणसाला आतून पिळवटणारी गोष्ट, अशी ती कल्पना. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये काइन भावावर रागावतो किंवा हेरोद राजा खवळतो, तिथे हाच शब्द आहे.

वाक्यात कसा वापरतात?

तो बहुतेक वेळा क्रियापदानंतर येतो. ‘द किंग वॉज रोथ’ म्हणजे राजा कोपला होता. नामाच्या आधी, म्हणजे ‘रोथ किंग’ असे सहसा लिहीत नाहीत. तिथे ‘रॅथफुल’ किंवा ‘अँग्री’ येते. कोणावर राग आहे हे सांगायचे असेल तर पुढे ‘विथ’ लावतात.

जुन्या पुस्तकांत ‘वॅक्स्ड रोथ’ असाही प्रयोग दिसतो. त्यातल्या ‘वॅक्स’चा मेणाशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत वॅक्स म्हणजे वाढणे. शुक्ल पक्षातल्या वाढत्या चंद्रालाही इंग्रजीत हेच क्रियापद लावतात. म्हणून अर्थ होतो ‘त्याचा राग वाढत गेला’.

मराठीतला जोडीदार: कोप

मराठीत ‘रोथ’च्या सर्वांत जवळ जातो तो ‘कोपलेला’. जळगाव जिल्ह्यातील भडगावचे उदाहरण घेऊ. हे गाव गिरणा नदीच्या काठी आहे. सप्टेंबर १८७२ मध्ये गिरणेला मोठा पूर आला आणि गावातील शेकडो घरे पडली. आजचे गिरणा धरण १९६९ चे, म्हणजे तेव्हा वरच्या अंगाला पाणी अडवणारे मोठे धरण नव्हते. अशा पुराला मराठीत ‘गिरणामाय कोपली’ म्हणतात, तर खान्देशच्या अहिराणीत ‘कोपनी’. ‘नदी चिडली’ म्हटले तर ते हलके वाटते.

त्याच गावात, त्याच घरात मोबाईलच्या रिचार्जवरून बापलेकांचे वाजले, तर मात्र शब्द बदलतो. तिथे ‘बाप चिडना’ किंवा ‘माले राग उना’ असेच म्हणतात. तिथे कोणी ‘बाप कोपला’ म्हटलेच तर ती थट्टा असते.

‘रोथ’चेही नेमके तसेच आहे. देव कोपतो, राजा कोपतो, नदी कोपते. ज्याच्या रागापुढे माणसाचे काही चालत नाही, त्याच्यासाठी हा शब्द. साध्या माणसाला लावला की तो विनोद होतो, आणि मीममध्ये तो नेमका याच कारणाने चालतो. मराठीतही ‘निसर्गाचा कोप’ वर्तमानपत्रात रोज दिसतो, पण ‘कोपलेला’ हे विशेषण बोलण्यातून मागे पडले आहे. रॅथ टिकला आणि रोथ मागे राहिला, तसेच हे.

मग आज कोणता शब्द वापरावा?

• साधा राग: अँग्री.
• खूप चिडलेला: फ्युरियस.
• संतप्त ग्राहक, संतप्त शेतकरी, बातमीतला राग: आयरेट किंवा अँग्री.
• देवाचा, राजाचा, निसर्गाचा कोप: रॅथ.
• जुन्या धाटणीची कथा किंवा मुद्दाम केलेली गंमत: रोथ.

पीकविम्याचे पैसे मिळाले नाहीत म्हणून इंग्रजीत तक्रार लिहिताना समानार्थी शब्दांच्या यादीतून ‘रोथ’ उचलला, तर व्याकरण चुकणार नाही, पण वाचणारा हसेल आणि खरी तक्रार बाजूला पडेल. तिथे साधे ‘अँग्री’च लिहावे आणि रक्कम, तारीख, अर्जाचा क्रमांक नीट द्यावा.

थोडक्यात, ‘रोथ’ समजून घ्यायचा तो वाचण्यासाठी. लिहिण्याआधी एकदा मराठीत म्हणून पाहावे: इथे ‘कोपला’ शोभेल का? शोभत असेल तर ‘रोथ’ चालेल. ‘चिडला’च बरे वाटत असेल, तर ‘अँग्री’ पुरे.