ओल्नीचे दोन शेजारी

इंग्लंडच्या बकिंगहॅमशायर परगण्यात औझ नदीच्या काठी ओल्नी नावाचे गाव आहे. अठराव्या शतकात तेथील गोरगरीब लेस विणून कसेबसे पोट भरीत. या गावात १७६८ पासून दोन मित्रांची घरे अगदी जवळ होती. एकमेकांच्या बागेत जाण्यास मधला मळा ओलांडावा लागे, म्हणून ते मालकास वर्षाकाठी एक गिनी देत. ईश्वराच्या क्षमेवर भरवसा ठेवणे म्हणजे काय, हे ज्यास समजून घ्यावयाचे असेल त्याने या दोघांची चरित्रे एकत्र वाचावी.

पहिला जॉन न्यूटन, गावचा पाळक. जन्म १७२५ चा. तारुण्यात तो नास्तिक, शिवराळ खलाशी होता. मार्च १७४८ मध्ये अटलांटिक महासागरात वादळाने जहाज फुटू लागले, तेव्हा त्याच्या तोंडून दयेची याचना निघाली. तो दिवस त्याने जन्मभर पाळला. परंतु लगेच तो साधू झाला, असे मुळीच नाही. त्यानंतरच तो गुलाम वाहणाऱ्या जहाजांचा कप्तान झाला. रविवारी वर खलाशांसह उपासना चाले आणि खाली साखळदंडांत जखडलेली माणसे तळमळत असत. १७५४ मध्ये त्याने समुद्र सोडला तोही सद्सद्विवेकबुद्धीमुळे नव्हे, आकस्मिक आजारामुळे. १७६४ मध्ये तो ओल्नीस पाळक म्हणून आला.

दुसरा कवी विल्यम कूपर. हा सौम्य, भिडस्त, मुंगीलाही न दुखवणारा. उमरावांच्या सभेतील एका जागेसाठी द्यावयाच्या तोंडी परीक्षेची त्याने इतकी धास्ती घेतली की, १७६३ मध्ये त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. सेंट ऑल्बन्स येथे डॉ. कॉटन यांच्या उपचारांखाली असता, १७६४ मध्ये रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील एका वचनाने त्यास क्षमेची खात्री पटली व तो सावरला.

ओल्नीत दोघांनी मिळून भक्तिगीते रचण्याचे ठरविले. १७७३ च्या नववर्षदिनी न्यूटनने आपले कृपेवरील प्रसिद्ध गीत प्रवचनासाठी सिद्ध केले. त्याच महिन्यात कूपरचे मन पुन्हा ढासळले. पुढे एका स्वप्नात, आपला कायमचा नाश झाला, असे शब्द त्यास ऐकू आले. देव दयाळू आहे, इतरांस तो क्षमा करील, परंतु आपणा एकट्यास नाही, ही समजूत त्याच्या मनातून पुढे कधीच गेली नाही. चर्चमध्ये जाणे त्याने सोडले.

जमाखर्च मांडणाऱ्यास हे उफराटे वाटेल. ज्याने माणसे विकली तो निर्धास्त, आणि ज्याने ससे पाळले तो भयभीत! परंतु ख्रिस्ती मताप्रमाणे क्षमा ही कमाई नव्हेच. ती कृपा आहे. आणि म्हणून ती पुण्याच्या मापाने मिळत नाही, तशीच ती मनाला जाणवली नाही म्हणून नाहीशीही होत नाही. न्यूटनने मित्राच्या निराशेस आजार मानले, देवाचा निकाल मानले नाही. कोरडा उपदेशही त्याने केला नाही. एप्रिल १७७३ पासून वर्षाहून अधिक काळ त्यास आपल्याच घरी ठेवून सांभाळले. १७७९ मध्ये ३४८ गीतांचा संग्रह निघाला, त्यात कूपरच्या सुमारे ६७ गीतांवर त्याच्या आडनावाचे आद्याक्षर आठवणीने छापले.

न्यूटनच्या भरवशावर मात्र एक आक्षेप राहतोच. क्षमेची एवढी खात्री, तर गुलामांच्या व्यापाराविषयी इतकी वर्षे उघड मौन का? समुद्र सोडल्यावर ३४ वर्षांनी, १७८८ मध्ये, त्याने त्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि आपण स्वतः त्यात होतो हे लाजेने कबूल केले. विलंब अक्षम्य वाटतो. तरी जो स्वतःचा बचाव करीत बसला आहे त्याच्या हातून अशी कबुली लिहिली गेली नसती. त्याच वर्षी कूपरनेही गुलामांच्या बाजूने कवने रचली.

कूपर २५ एप्रिल १८०० रोजी ईस्ट डीरहॅम येथे वारला. शेवटपर्यंत त्यास दिलासा लाभला नाही. न्यूटनने लंडनमध्ये त्याच्या स्मरणार्थ प्रवचन केले. आपला मित्र देवाघरी पोहोचला, याविषयी त्या वृद्ध कप्तानास तिळमात्र शंका नव्हती.